जवशी राखणीला गेली

त्या राज्यात कुत्रे उरले नव्हते. पूर्वी होते, आणि चांगले होते. पण दूरच्या सरहद्दीवर राजाची कोणाशी तरी मोठी लढाई जुंपली होती आणि राज्यातले झाडून सारे कुत्रे तिकडे गेले होते. लढाई कोणाशी आणि कशासाठी, हे माळावरच्या मेंढरांना ठाऊक नव्हतं. कावळे अधूनमधून बातमी आणत, की कुत्र्यांनी अमका डोंगर घेतला, तमकी नदी ओलांडली. मेंढरं माना हलवून ऐकत आणि पुन्हा चरू लागत. डोंगर घेऊन पुढे त्याचं काय करतात, हे त्यांच्यापैकी कोणालाच नीटसं कळत नसे.

लांडगे मात्र सरहद्दीवर गेले नव्हते. ते टेकडीपलीकडच्या घळीत जिथल्या तिथे होते, आणि कुत्रे गेल्याची बातमी त्यांना कोणत्याही कावळ्याने न सांगता कळली होती. मग राजाचं फर्मान आलं. राजाला मेंढरांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची फर्मानं वेळेवर येत. प्रत्येक कळपाने आपल्यातले राखणदार द्यावेत, त्यांनी हंगामभर टेकडीवर उभं राहावं, आणि हंगाम सरला की आपापल्या घरी जावं. जायचं ते स्वखुशीने. आता कळपात स्वखुशी कशी होते, तर एके सकाळी सगळी मेंढरं चरायची थांबतात आणि तुमच्याकडे बघू लागतात, ती तुमची खुशी होईपर्यंत बघत राहतात.

जवशीकडे तसं कोणी बघितलं नव्हतं. जवसाच्या दाण्याच्या रंगाची ही मेंढी अंगाने इतकी बारकी होती, की तिला राखणदार म्हणून कोणी मोजलंच नसतं. ती आपणहून उठली. आदल्या उन्हाळ्यात लांडग्याने तिचं पहिलं कोकरू नेलं होतं. आता दुसरं होतं. एक कान कापसासारखा पांढरा, म्हणून त्याचं नाव कापशा. ते नुकतं गवताला तोंड लावू लागलं होतं, तरी घटकेघटकेला धावत येऊन आईच्या पुढच्या पायामागे, काखेत, डोकं खुपसायचं आणि दोनचार श्वास घेऊन पुन्हा खेळायला पळायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हे कोकरू जवशीला गमवायचं नव्हतं, आणि नुसतं जवळ बसून कोकरू राखता येत नाही, हे ती एकदा शिकली होती.

तिची थोरली जाऊ कळपातली जाणती मेंढी होती. कापशाला तिने आपल्या दोन कोकरांत घेतलं.

"मी बघते त्याच्याकडं," थोरली म्हणाली. "तू मात्र माघारी ये."

"त्याच्यासाठीच चाललेय," जवशी म्हणाली. "येणार नाही तर कुठं जाईन?"

कापशा तिच्याबरोबर पहिल्या उतारापर्यंत गेला. आई पलीकडच्या गवताला चालली आहे, अशीच त्याची समजूत. त्याने तिच्या काखेत एकदा डोकं घातलं आणि उड्या मारत परत फिरला. जवशीने त्याला हाक मारली नाही. हाक मारली असती तर तिचेच पाय हलले नसते.

टेकडीवर नव्या राखणदारांना सामावून घ्यायचं काम टकऱ्या वस्तादाकडे होतं. हा एक शिंग मोडलेला म्हातारा एडका. दर हंगामाला तो नव्यांपुढे तेच बोलायचा आणि त्याच जागी खोकायचा. राखणदाराने तोंड वाऱ्याकडे ठेवावं. बरगडीला बरगडी लावून उभं राहावं, मध्ये उजेड दिसता कामा नये. टेकडीवर आवाज करू नये, ओरडू तर मुळीच नये. आणि मागे वळून बघू नये, कारण मागे घर असतं, आणि घराकडे बघणाऱ्याला घळ दिसत नाही.

नव्यांत हुलग्या नावाचा एक तरणा एडका होता. त्याच्या शिंगांना नुकताच पहिला वळसा पडला होता आणि तो कोणीतरी बघावा, एवढ्यासाठी तो राखणीला आला होता. कळपात त्याची शिंगं बघून झाली होती. वस्ताद बोलत असताना तो मान या बाजूने त्या बाजूला वळवत राहिला, पण वस्तादाने अशी शिंगं पुष्कळ पाहिली होती.

बोलणं संपल्यावर वस्तादाने सगळ्यांना राखेच्या खड्ड्यापाशी नेलं. वीज पडून जळालेल्या बोरीबाभळींची राख तिथे साठवलेली असे. दलाचा रिवाज असा, की राखणदाराने रोज सकाळी अन् सांजेला त्या राखेत लोळायचं, अंगाला कुठलाच वास उरणार नाही असं.

"लांडग्याला भीतीचा वास येतो म्हणतात, ते खोटं," वस्ताद म्हणाला. "भीती त्यालाबी असते. त्याला वास येतो घराचा. कोण कुणाची आई, कुणाच्या थानात दूध आहे, कुणाचं मन मागं राहिलंय, ते त्याला वाऱ्यावर कळतं. आणि जिथं कळतं, तिथनंच तो फळी फोडतो."

एकेक करून सगळे खड्ड्यात उतरले आणि वर आले ते एकाच रंगाचे झाले. हुलग्याची शिंगंही राखाडी झाली, आणि त्याने मान वळवणं थांबवलं. जवशी काठावरच थांबली होती.

"वस्ताद," तिने विचारलं, "घरी गेल्यावर वास परत येतो ना?"

"येतो," वस्ताद म्हणाला. मग खोकायची जागा नसताना खोकला. "येतो म्हणतात. मी काही गेलो नाही."

जवशी खड्ड्यात उतरली. पाठ, पोट, मान, सगळं तिने राखेत घोळलं. फक्त उजवा पुढचा पाय अंगाशी घट्ट दाबून धरला. त्या काखेत राख जाऊ दिली नाही. तेवढ्या एका जागेने कुठे राज्य बुडतं, असं तिने मनाला समजावलं. रोज सकाळ-सांज तिने ते तसंच केलं, आणि पाय दाबून लोळायची तिला इतकी सवय झाली, की बघणाऱ्याला ती त्या पायाने अधू वाटावी.

टेकडीवरचे दिवस वाईट होते. लांडग्यांमुळे नव्हे, ते तर कित्येक दिवस दिसतही नसत. मेंढरू मेंढराला ओळखतं ते वासाने. इथे कोणालाच वास नव्हता. काल ज्याच्या बरगडीला बरगडी लावली तोच आज शेजारी आहे का दुसरा कोणी, हे कळायला मार्ग नव्हता, आणि बोलायची तर बंदीच. इतक्या जणांना टेकून उभं राहायचं आणि तरी जवळ कोणी नाही, असलं एकटेपण जवशीला ठाऊक नव्हतं. माळावर एकटी चरताना तिला कधी असं वाटलं नव्हतं. वारा पडला की ती हळूच मान वाकवून काखेत नाक घालायची. तिथे दूध होतं, माळाची माती होती आणि कापशाचं डोकं होतं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

तिच्या उजवीकडे हुलग्या उभा असे. तो तोच आहे हे तिला त्याच्या दात खाण्यावरून कळायचं. एकदा त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

"ताई, इथं कुठनं दुधाचा वास येतोय का? का मलाच भास होतोय?"

"भास होतोय," जवशी म्हणाली.

"असू दे," हुलग्या म्हणाला. "बरा वाटतोय."

त्यानंतर तो तिला आणखी खेटून उभा राहू लागला. शिंगांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. आपल्या आईचं नाव एकदा काढलं, आणि मग बराच वेळ दात खात राहिला.

हंगाम अर्धा सरला होता तेव्हा एका सकाळी दाट धुकं पडलं. वारा घळीकडे वाहत होता. लांडगा आला तो फळीच्या टोकाकडून नाही, जिथे म्हातारे उभे असत तिथूनही नाही. तो धुक्यातून सरळ जवशीच्या उजव्या अंगाला आला, जणू कोणी वाट दाखवली असावी. तिथे हुलग्या होता. त्याने टक्कर दिली. पहिल्या वळशाची शिंगं जेवढी देऊ शकतात तेवढी दिली. धुक्यात थोडा वेळ खुरांचा आवाज झाला आणि मग तो फरफटत घळीकडे लांबत गेला. बाकीचे सरकले, बरगडीला बरगडी लागली, मधला उजेड मिटला. खाली माळावर सगळे कळप चरत राहिले. त्यांना काही कळलंही नाही, आणि कळू नये म्हणूनच तर ही फळी उभी होती.

धुकं विरल्यावर टकऱ्या वस्ताद फळीच्या कडेने नाक खाली घालून चालत आला. जवशीपाशी थांबला. तिच्या पुढच्या पायाजवळ त्याने नाक नेलं आणि ते पुष्कळ वेळ तिथेच ठेवलं. तिला वाटलं तो आता बोलेल, सगळ्यांना सांगेल. पण त्याने डोळे मिटून एक श्वास घेतला, आणि बाजूला होऊन तिला खड्ड्याकडे जायला वाट दिली.

जवशी गेली. तिने पाय उचलला आणि काख राखेत घासली, पुन्हा पुन्हा घासली, कातडी सोलवटेपर्यंत. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण टेकडीवर आवाज करायचा नव्हता. सांजेला तिने सवयीने मान वाकवली आणि काखेत नाक घातलं. मग सावकाश मान सरळ केली आणि तोंड वाऱ्याकडे केलं.

उरलेल्या हंगामात त्या फळीतून एकही लांडगा गेला नाही. जवशीसारखा राखणदार टेकडीवर दुसरा नव्हता. पुढे नवे आले, जुन्यांना सुटी झाली, तेव्हा वस्ताद तिच्याकडे आला. मी थकलो, म्हणाला. नव्यांना खड्ड्याकडे न्यायला तू राहा, तुझं ते ऐकतील. आलेल्यांत एक कोवळी मेंढी मागे वळून वळून बघत होती. जवशीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको, वस्ताद. माझं कोकरू आहे खाली."

वस्तादाने आग्रह केला नाही. तो नव्यांकडे वळला आणि तोंड वाऱ्याकडे ठेवण्याविषयी बोलू लागला.

उतरताना जवशीने वाटेतलं एकही झुडूप सोडलं नाही. प्रत्येकाला अंग घासलं. ओढ्यात दोनदा बुडी मारली, तरी राखेचा रंग गेला नाही. तिच्या कळपाची जुनी बसायची जागा लागली तिथे ती पालथी-उताणी लोळली, लेंड्यांत, मातीत, लाज सोडून. अंगाला खूप वास लागले. तिचा कुठला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कळप उतारावर चरत होता. कापशा वाढला होता. कपाळावर शिंगांची टेंगळं आली होती आणि पांढरा कान आता उभा राहत होता. पण तो जिवंत होता, धडधाकट होता. तिने हाक मारली.

कापशाने झटकन मान वर केली. तो आवाज त्याला पाठ होता. तो धावत सुटला, धावताना मध्येच लहानपणची ती वेडी उडी मारली, थेट तिच्या पुढच्या पायाशी आला आणि काखेत डोकं घातलं. एक श्वास घेतला. मग त्याचं अंग ताठ झालं. तो उलटपावली मागे सरला.

तोवर थोरली पुढे आली होती. जवशी नसताना तिने सगळ्या कोकरांना एक गोष्ट नीट शिकवली होती, की आवाजावर जायचं नाही. आवाज कोणीही काढतं, वास ज्याचा त्याचा. तिने लांबूनच नाक फुलवून हुंगलं. समोर एक राखाडी जनावर होतं, वाऱ्याकडे तोंड करून न हलता उभं.

"वहिनी, मी जवशी," ती म्हणाली.

"जवशी राखणीला गेलीय," थोरली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ती आली की आम्हाला कळंल."

सगळा कळप चरायचा थांबला होता आणि तिच्याकडे बघत होता. जवशीला पुष्कळ सांगता आलं असतं. पांढऱ्या कानाचं सांगता आलं असतं, पहिल्या कोकराचं सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात कापशाने पाय रोवले, टेंगळं पुढे केली आणि तिच्याकडे बघत खूर आपटला.

मेंढरांत हे कोणी शिकवावं लागत नाही. प्रत्येक कोकरू कधीतरी पहिल्यांदा कोणापुढे तरी खूर आपटतं. समोरचा हटला, तर ते पुढे जन्मभर उभं राहतं. नाही हटला, तर जन्मभर पळतं, आणि पळणारं एक ना एक दिवस सापडतं. कापशाचा खूर हलका होता, त्याचा धड आवाजही झाला नव्हता.

जवशीने मान खाली घातली आणि एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. कापशाने पुन्हा खूर आपटला, या वेळी जोरात. तेव्हा ती वळली, आणि लांडगे पळतात तशी, अंग जमिनीला लावून, शेपूट दाबून, घळीच्या दिशेने पळत सुटली. बरीच दूर जाईपर्यंत तिला मागे कापशाचा खूर ऐकू येत होता, दर वेळी आधीपेक्षा ठाम.