तळ्याचं बाळसं

हिमालयात फार उंचावर एका गावात एक म्हातारी सुईण राहत होती. नाव पाल्मो. तोंडाची फटकळ, पण अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं.

गावाच्या डोक्यावर एक तळं होतं. ते दरसाल मोठं होत चाललं. गाव खूश. मुखिया तुंडुपनं तर तळ्यातून येणाऱ्या ओढ्याकाठी नवं घर बांधलं, पाणचक्की बसवली. म्हणायचा, "आपलं तळं बघा, कसं बाळसं धरतंय!" सगळे वर बघून हात जोडायचे. पाणी देणाऱ्याला हात जोडावेतच. पण डोळे मिटून नव्हे.

एकदा पाल्मो स्वतः वर गेली. डोंगरावरचा जुना बर्फ निम्मा उरला होता. माणसांच्या धुरानं हवा तापली, बर्फ वितळला, पाणी सगळं तळ्यात. आणि ते अडवणारा बांध म्हणजे नुसती माती नि गोटे. तिनं त्यात अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच, वर त्यात पाणी झिरपलं.

ती तडक तुंडुपकडे आली. "अरे, हे बाळसं नाही, सूज आहे. बांध फुटेल. घर सोड."

"आजी, तू बाळंतिणींचं बघ. तळ्याचं आम्ही बघतो."

"तुला उलटा धरून रडवलंय मी. मला शिकवतोस?"

तुंडुपच्या सुनेचे दिवस भरले होते. पाल्मोनं साफ सांगितलं, "बाळंतपण करीन, पण वरच्या कुरणात. ओढ्याकाठी पाऊल टाकणार नाही."

तुंडुप चरफडला. मग सुनेच्या तोंडाकडे बघितलं, आणि मुकाट्यानं तिला याकवर बसवून वर नेलं. मुखियाच निघाला म्हणून काठची बाकीची घरंही निघाली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. घर गेलं, चक्की गेली. माणूस एकही गेलं नाही. संध्याकाळी कुरणात पोरगी जन्मली.

तुंडुपनं पाल्मोचे पाय धरले.

"ऊठ आता," ती म्हणाली, "चहा टाक. आणि त्यात लोणी घालताना हात आखडू नकोस."

चार महिन्यांनी तिनं पोरीच्या मांडीवर अंगठा दाबला. खळगा लगेच भरून आला. "बघ मुखिया, याला म्हणतात बाळसं!"

गाव हसलं. तुंडुपही हसला, डोळे पुसत.

तात्पर्य: वाढतं ते सगळंच भरभराटीचं नसतं. सूज दाखवणारं माणूस कितीही तिखट बोलो, त्याचं वेळेवर ऐकावं. त्याचे उपकार मानायला मग आपण जिवंत तरी राहतो.