वेशीबाहेरची हलगी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नगरांना तट असायचे आणि तटाबाहेर लगेच रान सुरू व्हायचं. अशाच एका नगरातली माणसं आपल्या सभ्यपणासाठी पंचक्रोशीत नावाजलेली होती. तिथं कोणी कोणाला अरेतुरे करत नसे. दारात दोघं समोरासमोर आले, तर "आधी आपण", "छे छे, आधी आपण" असं करत दोघंही ताटकळायचे. रानात राहणाऱ्यांसाठी मात्र या नगराकडे एकच शब्द होता, रानटी.

या नगरात सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. हलगी वाजवून नगरशेटांचा हुकूम चौकाचौकात सांगायचा, हे त्याचं काम. सकाळी वेशीतला छोटा दिंडी दरवाजा उघडायचा, गवळी आत आले की लावून घ्यायचा, हेही त्याच्याकडेच. त्याचा आवाज असा खणखणीत, की झोपलेलं माणूससुद्धा अंथरुणात उठून बसावं. सटवाजीला त्या आवाजाचा अभिमान होता.

एका सकाळी दरवाजा उघडून तो समोरच्या हलवायाकडे गेला. जिलबी नुकतीच कढईतून निघाली होती. दोन वेढे हातात घेऊन तो वळतो, तो वैद्यांची सहा वर्षांची मथू करडाच्या मागं धावत दिंडीतून बाहेर गेली. ‘येईल परत,’ असं म्हणत त्यानं जिलबी तोंडात टाकली. मग हलवायाशी गप्पा रंगल्या, आणि उठताना त्यानं सवयीनं दरवाजा ओढून कडी घातली. मथू त्याच्या डोक्यातून पार निघून गेली होती.

दुपारी मथूची आई चौकात रडत आली, तेव्हा सटवाजीला सकाळचा दरवाजा आठवला.

हां हां म्हणता माणसं जमली. कोणी म्हणालं, "काल बाजारात रानातली ती मध विकणारी सुकरी पोरीला पोळ्याचा तुकडा देत होती. मी पाहिलं."

"फुकट? मध? उगाच कोण देतं?"

"रानटीच ते! पोर पळवलीच असणार!"

नगरशेट सटवाजीकडे वळले. "सटवाजी, दवंडी द्या. रानातल्या लोकांनी वैद्यांची पोर पळवली आहे. ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन त्यानं वेशीवर यावं."

सटवाजीच्या ओठांवर खरं आलं होतं. ‘पोर आपणहून गेली, दरवाजा मीच लावला,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग काम जाणार, लोक तोंडावर थुंकणार. त्याचा हात आपोआप हलगीवर पडला. त्यानं दवंडी दिली, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं दिली.

माणसं काठ्या, कोयते, मुसळं घेऊन निघाली. दिंडीतून बाहेर पडतानाही "आधी आपण" चाललंच होतं. रानाच्या तोंडाशी नगरशेट म्हणाले, "जनावर उठवायला हाकारा घालतात ना, तशी वाजवा हलगी. पाय मागे पडता कामा नयेत."

सटवाजी वाजवू लागला. प्रत्येक टिपरीसरशी मन त्याला टोचत होतं. ‘थांब, सांग, अजून वेळ आहे.’ पण मागून शंभर पावलं त्याच्या ठेक्यावर पडत होती, आणि हळूहळू तो ठेका त्याच्याच अंगात भिनला. कीर्तनात मृदंग धरणारे, पोथी वाचणारे, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारे लोक आता आयमायवरून शिव्या देत होते. सटवाजीला दचकायला झालं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याला हे सगळं आवडत होतं. जन्मभर दुसऱ्याचे हुकूम सांगितलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच वाटत होतं, की आपल्यामागे गाव चालतंय.

रानातल्या वस्तीत आठ-दहा झोपड्या होत्या. एक म्हातारा दोन्ही हात वर करून पुढं आला. त्याला काही सांगायचं होतं. तो तोंड उघडतो, तोच एक दगड त्याच्या कपाळावर बसला आणि तो जागच्या जागी कोसळला. दगड मारणारे होते पाठशाळेतले पंतोजी. मग कोणी कोणाला आवरेना. कुणीतरी पहिल्या झोपडीवर पेटतं गवत फेकलं.

तेवढ्यात मधवाली सुकरी धावत आली. ती ओरडत होती, पण हलगीपुढं शब्द ऐकू येत नव्हते. ती सरळ सटवाजीसमोर आली आणि हलगीवर दोन्ही हात दाबून म्हणाली, "पोर आत आहे! तुमची पोर आत आहे!"

सटवाजीनं टिपरी खाली घेतली. हलगी थांबली, तशी माणसंही थांबली. त्या शांततेत जळणाऱ्या झोपडीतून मथूचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं.

कोणीच हललं नाही. सुकरी आत शिरली. ती बाहेर आली तेव्हा पोर तिच्या पदरात गुंडाळलेली होती आणि तिचे स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

वैद्य धावले. मथूच्या पायाला बांबूच्या कामट्या लावून सालीनं घट्ट बांधलेलं होतं. त्यांनी बोटांनी हाड चाचपलं आणि ते खाली बसले. "मोडलेलं हाड बसवलंय," ते म्हणाले. "माझ्याच्यानं इतकं नीट झालं नसतं. कोणी बांधलं हे?"

सुकरीनं मानेनंच पडलेल्या म्हाताऱ्याकडे दाखवलं. "माझ्या बानं. घळीत पडली होती. दरवाजा बंद होता, म्हणून परत रानाकडे वळली म्हणाली. आम्ही डोली बांधत होतो, घरी पोचवायला."

म्हातारा केव्हाच गेला होता.

सुकरीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "गावात एकमेकांशी असंच वागता तुम्ही?"

सटवाजी पुटपुटला, "नाही. गावात आम्ही फार चांगले वागतो."

"मग तो चांगुलपणा वेशीवर काढून ठेवून येता होय?" सुकरी म्हणाली आणि बापाच्या उशाशी जाऊन बसली.

वैद्यांनी मथूला उचललं आणि सगळे परतले. वेशीपाशी माणसांनी हातपाय धुतले, उपरणी सारखी केली. एकमेकांना पुन्हा अहोजाहो सुरू झालं. नगरशेट सटवाजीच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "चौकात दवंडी द्या. नगरवासीयांनी मोठ्या शौर्यानं पोर सोडवून आणली. झटापटीत एक रानटी मेला. बाकी बोलायची गरज नाही."

सटवाजी चौकात गेला. लोक वाट पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. त्यांना हे खोटं हवं होतं, त्याच्यापेक्षाही जास्त हवं होतं. हे खोटं सांगितलं असतं, तर त्या संध्याकाळी नगरातला प्रत्येक माणूस सुखानं जेवला असता.

त्यानं हलगी वाजवली नाही. ती खाली ठेवली आणि नुसत्या आवाजात म्हणाला, "ऐका हो ऐका! पोर कोणी पळवली नव्हती. ती दिंडीतून गेली, मी पाहिलं, आणि तिला बाहेर ठेवून दरवाजा मीच लावला. भीतीपायी मी खोटी दवंडी दिली. ज्यानं पोरीचा पाय बांधला त्याला आपण मारलं, आणि जिनं तिला आगीतून काढलं तिचं घर आपण जाळलं. दगड एकाचा होता, पण ठेका माझा होता आणि पाय आपल्या सगळ्यांचे होते."

"खोटारडा! हाकला याला!" पंतोजी ओरडले. नगरशेटांनी तिथल्या तिथं त्याचं काम काढून घेतलं. एक चप्पल येऊन त्याच्या खांद्यावर लागली. सटवाजीनं ती सहन केली.

वैद्य त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. "सटवाजी, तुम्हाला मी क्षमा करणार नाही," ते म्हणाले. "पण उद्या मलम घेऊन रानात जाणार आहे. तुम्हीही बरोबर या."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. वेशीपाशी पोचेपर्यंत त्यांच्यामागे सात माणसं आली, आणि त्यांत सर्वांत शेवटी मान खाली घातलेले पंतोजी होते.

सुकरीनं वैद्यांना हातांना मलम लावू दिलं. सटवाजी तिच्या पायाशी वाकला, तशी तिनं पाय मागे घेतले. "पाया पडून बा परत येत नाही," ती म्हणाली. मग तिनं हनुवटीनं जवळच पडलेल्या कोयत्याकडे खूण केली. "पावसाच्या आत झोपडी उभी राहायला हवी. बांबू त्या पलीकडच्या बेटातले तोडा. कोवळे सोडा, जून तेवढे घ्या."

सटवाजीनं कोयता उचलला. आतली तळमळ शमली नव्हती, आणि ती इतक्यात शमू नये असंच त्याला वाटत होतं. तो बेटाकडे चालू लागला.

तात्पर्य इतकंच, की रानटीपणा रानात राहत नाही आणि सभ्यपणा नगरात राहत नाही. दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात, आणि ज्या घटकेला आपण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारतो, त्या घटकेला त्यातलं कोण घराबाहेर पडतं, ते कळतं.