एक थेंबही जाता कामा नये

आपल्या डोंगरातलं पाणी शेजारच्या राज्यात जातं, आणि तेही न विचारता, हे सुभानराव राजाच्या लक्षात यायला वयाची बावन्न वर्षं लागली. लक्षात आलं तेही कसं, तर समुद्रकाठच्या राजाने सणाला सुपारीची करंडी पाठवली. सुपारी होती चांगली टपोरी. राजाने एक खांड तोंडात टाकलं आणि विचारलं, "त्यांच्या रेताड जमिनीत हे पीक येतं कशावर?"

दिवाण भोळा माणूस. त्याने खरं सांगून टाकलं. "आपल्या वहाळाच्या पाण्यावर, महाराज."

वहाळ म्हणजे ओढा. तो डोंगरात उगम पावतो, खाली खाली जातो आणि समुद्राला मिळतो. त्याचे वाडवडीलही हेच करत आले. पण राजाने सुपारी थुंकली आणि आवडाबाईला बोलावणं धाडलं.

आवडाबाई पाटकरीण. दरसाल वहाळाला दगडमातीचे बांध घालायचे, पाट काढायचे, कुणाच्या बागेला पाणी कधी सोडायचं ते ठरवायचं, हे काम नवऱ्यामागे वीस वर्षं तीच बघत होती.

"सीमेवर आडवा बांध घाल," राजा म्हणाला. "माझ्या राज्यातून पाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये."

"महाराज, खालच्या गावात माझी लेक दिलीय. तिची पोफळीची, सुपारीची बाग ह्याच पाण्यावर आहे."

"मग जावयाला सांग, विहीर खण म्हणून. हे घे चार शिपाई. जो थेंब बाहेर सोडेल त्याला जागच्या जागी अडवायचं. मग तो कुणी का असेना. मी असलो तरी."

"कुठल्याही वाटेनं गेला तरी?"

"कुठल्याही वाटेनं. आणि हयगय केलीस तर तुझं काम गेलं, घर गेलं."

राजापुढे शहाणपण चालत नाही. बांध झाला. आठव्या दिवशी लेक तुळसा चालत वर आली आणि बांधाच्या पलीकडे, कोरड्या गोट्यांवर उभी राहिली.

"आई, पोफळींनी माना टाकल्यात. अजून चार दिवस तग धरतील. घरात सगळे विचारतात, बांध कुणी घातला? मी काय सांगू?"

आवडाबाईला रडू आवरेना. ती पोटभर रडली, पदराने नाक पुसलं आणि शिपायांना म्हणाली, "चला. पाणी दुसरीकडून गळतंय."

"कुठून?"

"राजवाड्यातून."

माघातली सकाळ होती. वाड्यामागे दोरीवर राजाची अकरा धोतरं वाळत होती. आवडाबाईने ती उतरवली, पाण्याच्या हंड्यात कोंबली आणि वर झाकण ठेवलं. मग ती मुदपाकखान्यात गेली. भाताच्या पातेल्यातून वाफ चालली होती. तिने झाकण दाबलं आणि कडेने कणीक लिंपली. आचारी म्हणाला, भात लगदा होईल. आवडाबाई म्हणाली, होऊ दे, पण राज्यातच राहील.

तेवढ्यात राजा कढत पाण्याने न्हाऊन बाहेर आला. थंडीत त्याच्या उघड्या अंगातून वाफा निघत होत्या.

"महाराजांच्या अंगावरून चाललंय बघा," आवडाबाई म्हणाली.

शिपायांनी एकमेकांकडे बघितलं. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी राजाला डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत गुंडाळलं आणि दोघं दोन बाजूंनी धरून उभे राहिले.

"हा काय चावटपणा आहे?" घोंगडीतून आवाज आला.

"बंदोबस्त आहे, महाराज. पाणी निघालं होतं."

"अगं, ती वाफ!"

"वाफ म्हणजे तरी काय? झाकण उचलून बघा, आतून थेंबच लागलेत. आपण म्हणालात, एक थेंब नाही, कुठल्याही वाटेनं नाही. आता वरच्या वाटेवर शिपाई कसे उभे करायचे तेवढं सांगा. शिडी केवढी लागेल?"

घोंगडी आतून दोनदा धडपडली. आत गदमदत असावं.

"वर गेलेलं पाणी कुठे पळून जात नाही," राजा समजुतीने म्हणाला. "त्याचे ढग होतात. पावसाळ्यात ते आपल्याच डोंगराला येऊन आपटतात. म्हणून तर वहाळ वाहतो. एवढंही कळत नाही तुला?"

"मी अडाणी बाई. ढग येतात कुठून?"

"समुद्राकडून."

"आणि समुद्राच्या न् आपल्या मधे कोण राहतं?"



"समुद्रकाठचे महाराज राहतात," आवडाबाईच म्हणाली. "सगळे ढग त्यांच्या डोक्यावरून इकडे येतात आणि आजवर एकानेही त्यांना विचारलेलं नाही. काल त्यांचा माणूस आला होता. म्हणाला, तुमच्या राजाचा हुकूम काय आहे तो शब्दाला शब्द सांग. आमच्या महाराजांना तसाच काढायचाय, ढगांवर."

"ढग अडवणार? वेडा झालाय का तो?"

"ते मला काय ठाऊक, महाराज. असा हुकूम काढणाऱ्या राजाला वेडं म्हणायची माझी छाती नाही."

गडबड ऐकून आलेल्या दिवाणाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. शिपाई आढ्याकडे बघायला लागले. आधी घोंगडी हलली, मग तिच्यातून खुसखुस ऐकू आली, आणि मग राजाने ती भिरकावून दिली आणि पोट धरून हसत सुटला. हसता हसता त्याला शिंका आल्या, त्या आवडाबाईने जाऊ दिल्या.

"फोड तो बांध," राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि आजपासून ह्या राज्यात पाण्यावर हुकूम काढायचा तो तू. मी फक्त न्हाणार."

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. आवडाबाईने ते कमरेला खोचलं, मुजरा केला आणि शिपायांना पहारी घ्यायला सांगितल्या. दुपारी बांध फुटला. ती तशीच वहाळाच्या काठाकाठाने लेकीकडे निघाली. जवळजवळ पळतच गेली, पण बागेत पोचली तेव्हा पाणी तिच्या आधी पोचलं होतं आणि तुळसा गुडघाभर चिखलात उभी राहून पोफळींना आळी करत होती.