खिळ्यावरच्या किल्ल्या

रविवारी सकाळी साडेदहा वाजता सांगलीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. विषय एकच होता: तळमजल्यावरच्या भाडेकरू कुसुम तांदळे यांना बाहेर काढणे. अकरा वर्षं त्या स्किझोफ्रेनियावर उपचार घेताहेत, हे अध्यक्ष नाडगौडांना नुकतंच कळलं होतं. सोसायटीच्या ना-हरकत पत्राशिवाय घरमालक भाडेकरार वाढवणार नव्हता.

"या बाई केव्हा काय करतील, नेम नाही," अध्यक्ष गरजले. "आपल्या घरादाराला धोका आहे. ठरावावर सह्या करा."

माना हलल्या. शहाण्यासुरत्या लोकांना मान हलवायला वेळ लागत नाही.

कुसुमताई दिवसभर घरीच फॉल-पिको करतात, म्हणून गावाला जाताना सगळे शेजारी आपली जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवतात. सभेत मागे बसलेल्या त्या उठून आपल्या घरात गेल्या, खिळ्यावरच्या तेरा किल्ल्या काढून आणल्या आणि अध्यक्षांपुढच्या टेबलावर मांडल्या.

"धोका आहे ना? मग आधी आपापली किल्ली उचला आणि नंतर सही करा. अध्यक्षसाहेब, ही तुमची. तिरुपतीला निघताना 'कपाटाकडेही लक्ष असू द्या' म्हणाला होतात."

एकही हात पुढे आला नाही. नाडगौडांची बायकोच पुटपुटली, "अहो, राहू दे की. बुधवारी लग्नाला जायचंय आपल्याला."

ठराव बारगळला. त्याला दोन महिने झाले. अध्यक्षांची किल्ली अजून कुसुमताईंच्याच खिळ्यावर आहे. करार संपायला नऊ दिवस उरलेत आणि ना-हरकत पत्रावर अध्यक्षांची सही नाही. का नाही, ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही.