बोरजाईच्या उपासनेत पाहुण्याला नाव का विचारत नाहीत

बोरजाई गावच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेला याल, तर एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, नाहीतर गांगरून जाल. चपला पायरीखाली काढायच्या, बायकांनी उजवीकडच्या सतरंजीवर बसायचं, पुरुषांनी डावीकडच्या, मग पेटी-तबल्यावर पहिलं गीत. इथवर सगळं चारचौघांसारखंच. दुसऱ्या चर्चमध्ये यानंतर पाळकसाहेब म्हणतात, नवीन पाहुण्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी. इथं पाहुणा बसून राहतो आणि सगळी मंडळी उठते. म्हातारेकोतारेसुद्धा गुडघ्यावर हात देत उठतात आणि एकेक जण आपलं नाव सांगतो. तुमचं कुणी विचारणार नाही. चुकून कुणी विचारलंच, तर त्याला घरी गेल्यावर बायको धारेवर धरते.

लोकांना वाटतं, काय हा पाहुणचार! पाहुणचार कसला? ही शरमेनं पडलेली रीत आहे, आणि ती पडली शांतवन रणपिसे नावाच्या पंचामुळे.

शांतवनराव आमच्या पणजोबांच्या काळातले. मंडळी, म्हणजे चर्चची जमात, तेव्हा नवी होती, गावकुसाबाहेरून आलेली. त्या लोकांना गावात कुणी पुरत्या नावानं हाक मारत नसे. मारली तर अर्ध्या नावानं, आणि तीही लांबून. म्हणून चर्च उभं राहिलं तेव्हा पहिली गोष्ट ठरली ती ही, की इथं येणाऱ्यानं ताठ उभं राहून नाव, आडनाव, गाव आणि आपली मंडळी मोठ्यानं सांगायची. सांगता सांगता लोकांचे डोळे भरून येत म्हणे. विचारायचा मान शांतवनरावांकडे होता आणि त्या मानावर त्यांचा भारी जीव. फेटा नीट करून, घसा खाकरून असे विचारत, की जणू मामलेदारच! कुणी आडनाव गिळलं तर सोडायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता हो. पण आपण मान देतोय की झाडाझडती घेतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं.

एका रविवारी एक परकी बाई आली आणि बायकांच्या शेवटच्या ओळीत अंग चोरून बसली. गीत संपल्यावर शांतवनरावांनी तिला उभं केलं. तिनं नाव सांगितलं, गया. पुढं काही बोलेना. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत झाला, मालक कोण, सगळं विचारलं. बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. सगळ्या माना मागं वळलेल्या.

तेव्हा शांतवनराव म्हणाले, “गाव नाही, आडनाव नाही. बाई, तुम्ही काय आभाळातून पडलात?”

मंडळी हसली. अगदी पाळकसाहेबांनाही हसू आलं, असं सांगतात. बाईनं पदर ओढून घेतला आणि बायकांच्या ओळीतून वाट काढत बाहेर पडली. शांतवनरावांनी मनात म्हटलं, आली असेल नुसती बघायला. आणि दुसऱ्या गीताला सूर लावला.

दुपारी जेवायला बसले, तर त्यांची बायको सगुणाबाई वाढेना. ती बाई तिच्याच शेजारी बसली होती. उपासना सुरू व्हायच्या आधी तिनं हळूच विचारलं होतं, इथं आजारी माणसाचं नाव प्रार्थनेत घेतात म्हणे, ते कधी? तिची मुलगी तीन आठवडे तापानं फणफणत होती. घरच्यांना न सांगता, शेताला जाते म्हणून ती पहाटे निघाली होती. ती इथं आल्याचं सासरी कळलं असतं, तर तिला घराबाहेर काढलं असतं.

“लेकीचं नाव सांगायला आली होती ती,” सगुणाबाई म्हणाली, “अन् तुम्ही तिचं हसं केलंत.”

शांतवनराव रिकाम्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून शांतवनराव तिला शोधायला निघाले. पण विचारणार कसं? चर्चमध्ये आलेली बाई कुठली, असं विचारलं तर तिचंच बिंग फुटायचं. मग बैल हरवला असं सांगत ते वाड्या-वस्त्या पालथ्या घालत हिंडले. ज्या बैलाला शोधतोय तो आपल्याच गोठ्यात उभा आहे, हे आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटे, म्हणे. नवव्या दिवशी एका हरभऱ्याच्या शेतात ती खुरपताना दिसली. मुलगी गुरुवारी गेली होती.

शांतवनरावांनी फेटा काढला आणि बांधावरूनच हात जोडले. चुकलो, म्हणाले. निदान मुलीचं नाव सांगा, या रविवारी सगळी मंडळी गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना करील.

बाईनं खुरपं थांबवलं नाही. “माझं सगळं विचारलंत तुम्ही,” ती म्हणाली. “तिचं त्याच दिवशी सांगणार होते. आता नाही सांगत. जावा, कुणी बघंल.”

ते निघाले. त्या रविवारी ते बोडक्या डोक्यानं मंडळीसमोर उभे राहिले, आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि काय केलं तेही सांगितलं. कुणी वर बघेना, कारण हसले सगळेच होते. पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, नाव सांगितलं नाही तरी देवाला माहीत असतं.

“देवाला असंल, साहेब,” शांतवनराव म्हणाले. “आपल्याला नाही.”

मग मीही हसलो होतो असं म्हणत एकेक जण आपणहून उठला आणि स्वतःचं नाव सांगू लागला. तिथून ही रीत पडली.

आजही आजाऱ्यांची नावं घेऊन झाली, की पाळकसाहेब मध्येच थांबतात. पाहुण्याला कुणाचं नाव सांगायचं असेल तर त्यानं तेव्हा सांगावं. मागं वळून कुणी बघत नाही. पाहुणा नसला तरी मंडळी तेवढा वेळ गप्प बसते. तेव्हा सगळ्यांना त्या मुलीची आठवण होते. तिचं नाव बोरजाईत अजून कुणाला ठाऊक नाही.