शिंपिणीचे टाके

फार पूर्वी, जनावरं एकमेकांची विचारपूस करायची त्या काळी, एका करंजाच्या बुंध्याशी एक धामण राहायची. वर फांदीवर पानं शिवून घरटं करणारी शिंपीण राहायची. धामण उंदरांपासून तिची अंडी राखायची. दोघींचा मोठा जिव्हाळा होता.

एकदा धामणीचे डोळे दुधाळ झाले. तिला काही दिसेना. ओठापाशी कातडी उकलली.

"अगंबाई, फाटलीस की गं! हलू नकोस," म्हणत शिंपिणीने कापसाच्या धाग्याने ती शिवून टाकली.

धामण दगडावर तोंड घासत दोन दिवस तळमळली. टाका सैल झाला की शिंपीण तो पुन्हा घट्ट करी.

शेवटी धामण म्हणाली, "बाई, तुझी माया कळते मला. पण ही कात सुटली नाही, तर मी आतच आंधळी राहीन."

 शिंपिणीने आपलेच टाके एकेक करून उसवले. चोचीतून पाणी आणून कातेवर शिंपडलं आणि फांदीवर जाऊन बसली. खाली धावावंसं वाटलं की ती फांदी आणखी घट्ट धरी.

संध्याकाळी कात दगडापाशी राहिली आणि धामण लखलखीत होऊन पुढे सरकली. तिने मान वर केली.

"आता दिसतेस," ती म्हणाली. "अगं, किती वाळलीस! काही खाल्लं नाहीस ना?"