दोन ठोक्यांमधला विसावा

"चाचा, तेजलला तुम्ही असं काय शिकवलंत, जे मला शिकवलं नाहीत?"

यासीनचाचांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

मिरजेतल्या एका इस्पितळात सीटी स्कॅनची खोली तीस वर्षं चाचांच्या हाताखाली होती. मी तिथं शिशाचे एप्रन पुरवतो. किरण अडवायला शिसं लागतं, एवढं धंद्यानं शिकवलं. बाकीचं चाचांच्या चहानं. त्या दिवशी नवे एप्रन टेकवून निघणार होतो, पण हा सवाल कानावर आला आणि मी स्टुलावर बसून राहिलो. अशा वेळी व्यापाऱ्यानं उठू नये.

विचारणारा हर्षद. चाचांचाच शागीर्द, पदविकेला पहिला आलेला. चाचा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते, आणि खोली कुणाच्या हाती द्यायची ते त्यांनीच सांगायचं होतं... हर्षदच्या, की त्याच्यामागून दोन वर्षांनी आलेल्या तेजलच्या.

भिंतीवर कागद लावलेला होता. हृदयाचा स्कॅन काढताना कुणी पेशंटला सरासरी किती किरण दिले, त्याचा. तेजलचा आकडा हर्षदच्या निम्माही नव्हता.

"मशीन तेच," हर्षद म्हणाला. "नाडी मंद करायची गोळी तीच. मग तिचा आकडा खाली कसा? काहीतरी सेटिंग आहे. तुम्ही तिला दिलंय."

"तुझे फोटो तिच्यापेक्षा देखणे असतात," चाचा म्हणाले.

"असतातच."

"डॉक्टरांनी एवढे किरण ओतून देखणे मागितले होते?"

हर्षद भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिला.

आमच्या पेठेत दोन हलवाई समोरासमोर होते. त्यातला एक दिवसभर पलीकडची गिऱ्हाइकं न्याहाळायचा, आणि इकडे त्याचा खवा रोज करपायचा. हे सांगायला माझी जीभ वळवळली होती. पण तोंडात चहा होता, ते बरं झालं.

"ती करते काय, सांगू?" हर्षद म्हणाला. "पेशंटला घेऊन बाहेर बाकावर बसते आणि गप्पा हाणते. परवा बेडगचे एक आजोबा आलेले. त्यांना विचारत होती, कोंबड्या किती, अंडी कोण गोळा करतं. वर म्हणते, श्वास रोखायचा सराव करून घेत होते. तेवढ्या वेळात माझे दोन स्कॅन उरकतात."

"उरकतात खरे."

"मग?"



इथं मला चाचांनी पूर्वी समजावलेलं सांगतो. हृदय सारखं हलतं, पण दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर विसावतं. नाडी संथ असेल तर हा विसावा लांबतो. तेवढ्यात किरण सोडले की फोटो निघाला. माणूस घाबरला, चिडला आणि नाडी पळायला लागली की विसावा हाती लागत नाही. मग किरण चालूच ठेवावे लागतात, आणि ते सगळे पेशंटच्या अंगात जातात.

चाचांनी स्कॅनच्या टेबलावर थाप मारली.

"झोप इथं."

"मी?"

"किरण बंद आहेत. नुसत्या तारा लावतो."

हर्षद हसला. शर्ट काढून आडवा झाला. चाचांनी त्याच्या छातीला तारा चिकटवल्या. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. नाडी सहासष्ट.

"बघा," हर्षद म्हणाला. "रोज पाच किलोमीटर पळतो. मला तुमची गोळीसुद्धा लागायची नाही."

"छान. झटक्यात मोकळा होशील."

चाचा एक तार उगाच नीट करत राहिले.

"तेजलनं या महिन्यात अडतीस स्कॅन केले. एकही परत काढावा लागला नाही."

बहात्तर.

"मोठ्या डॉक्टरांनी काल तिला विचारलं, कोल्हापूरच्या लोकांना शिकवायला जाशील का."

एक्क्याऐंशी.

"मला कुणी बोललं नाही," हर्षद म्हणाला.

"तुला कशाला बोलतील?"

नव्वद.

"ती नको म्हणाली. म्हणाली, हर्षददादांना पाठवा, त्यांचे फोटो फार सुंदर येतात."

मला वाटलं, आता तरी उतरेल. पडद्यावर शहाण्णव लागले.

हर्षदनं मान वळवून पडदा बघितला.

"तार सैल झालीय," तो म्हणाला.

चाचांनी तार दाबून पाहिली. घट्ट होती.

"श्वास रोख."

त्यानं रोखला. गाल फुगले, कान लाल झाले. रेघेची टोकं एकमेकांना खेटून धावत होती.

"सोड."

चाचा काचेपलीकडे जाऊन आपल्या खुर्चीत बसले. टेबलावर हर्षद एकटा राहिला, उघड्या छातीनं, छताकडे बघत. मी कप खाली ठेवला, पण आवाज होऊ दिला नाही.

"चाचा..." हर्षद म्हणाला. "खोली कुणाला देताय, तेवढं सांगा."

माइक खरखरला.

"आधी तू सांग, बेटा. आत्ता या टेबलावर पडलेल्या माणसाला किती किरण देऊ?"